लहान भाषांचा भविष्यकाळ

एखादी भाषा आता मरणार, असे सांगताना आपल्याकडच्या सुशिक्षित माणसाच्या चेहऱ्यावर एक गंभीर समाधान पसरते. त्याला दुःख होत नाही असे नाही. पण ते दुःख दूरच्या नातेवाइकाच्या निधनाचे असते, त्याने जेवण चुकत नाही. या समाधानाला दोन आधार असतात. पहिला असा, की असल्या रानटी भाषांत फारसे काही नसतेच. ज्यांना धड भविष्यकाळ नाही त्यांना भविष्य तरी कुठले! दुसरा असा, की जे काही होते ते विद्वानांनी टिपून, छापून ठेवले आहे. मग गळा काढण्याचे कारण काय? हे दोन्ही आधार पोकळ आहेत असे माझे म्हणणे आहे, आणि ते मी एकाच भाषेच्या एकाच प्रयोगावरून मांडणार आहे. भाषा करुक, आणि प्रयोग नजीकच्या भविष्याचा.

कॅलिफोर्नियाच्या वायव्य कोपऱ्यात क्लामथ नावाची नदी डोंगर कापीत पॅसिफिक महासागराकडे जाते. तिच्या मधल्या टप्प्यावर करुक लोकांचा मुलूख आहे. ‘करुक’ हा शब्द मुळात दिशा सांगणारा : नदीच्या वरच्या अंगाला. खालच्या अंगाला ते ‘युरुक’; शेजारच्या युरोक लोकांना जगाने दिलेले नाव त्यावरूनच आले. या भाषेला जवळची सख्खी बहीण नाही. दूरची नाती विद्वान जुळवीत असतात, ती आपण सोडून देऊ.

ज्या माणसाने या भाषेचे पहिले सविस्तर व्याकरण लिहिले तो पुण्याला परका नव्हता. विल्यम ब्राइट हे त्यांचे नाव. त्यांचे करुक व्याकरण १९५७ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाने छापले, आणि १९५८ साली बोली कन्नडवरचे त्यांचे पुस्तक आपल्या डेक्कन कॉलेजने प्रसिद्ध केले. क्लामथच्या काठी म्हाताऱ्या माणसांना शब्द विचारीत हिंडणारा हा तरुण १९५० च्या दशकात येरवड्याच्या बाजूला आपल्या भाषापंडितांबरोबर बसत होता. करुक लोकांनी त्याला ‘शब्द विचारणारा पोरगा’ अशा अर्थाचे नाव दिले होते, आणि पुढे जमातीचे मानद सदस्यत्वही दिले. तेव्हा ही भाषा मराठी वाचकाला अगदीच सातासमुद्रापलीकडची म्हणता येणार नाही.

आता व्याकरण. करुक क्रियापदाला ‘-अविश’ हा प्रत्यय लागला की भविष्यकाळ होतो. बोलण्यात तो पुष्कळदा आटून ‘-एश’ असा ऐकू येतो. ‘ऊम’ म्हणजे पोचणे. ‘उऊमेश’ म्हणजे तो पोचेल. (दोन स्वरांच्या मध्ये घशात एक बारीक अडखळ असते, ती आपल्या लिपीत मावत नाही. मराठी कानाला त्यात कुणी उमेश भेटला तर त्याला माझा इलाज नाही.) हे ‘पोचेल’ संध्याकाळचे असेल, पुढल्या वर्षाचेही असेल. मग ‘आता पोचेलच’ असे म्हणायचे तर काय करायचे? करुक माणूस क्रियापद तसेच ठेवतो आणि त्याच्या आधी ‘चिमि’ हा इवलासा शब्द घालतो. ‘चिमि उऊमेश’ : हा पोचलाच समजा. बस्स, एवढेच.

पण या शब्दाची गंमत पुढे आहे. भविष्याचा प्रत्यय नसलेल्या क्रियापदाबरोबर ‘चिमि’ आला, की त्याचा अर्थ ‘करू दे’, ‘चला, करू या’ असा होतो. म्हणजे लवकर घडणारे आणि आपण मिळून घडवू म्हणतो ते, या दोहोंच्या दारावर एकच शब्द उभा आहे. भूतकाळाची गोष्ट निराळी. तेथे साध्या भूतकाळाला एक प्रत्यय आणि फार फार पूर्वीच्या, पुराणकथांच्या काळाला ‘-अनिक’ असा स्वतंत्र प्रत्यय आहे. ज्या भाषेत काळाची इतकी बारीक वाटणी आहे तिला ‘धड भविष्यकाळ नाही’ असे म्हणणाऱ्याने आपले अज्ञान कुठल्या प्रत्ययाने सांगावे हे त्याचे त्याने ठरवावे.

मात्र यावरून करुक माणूस उतावळा असतो, किंवा भविष्याला आपल्या इच्छेत धरतो, असा सिद्धान्त मी काढणार नाही. दुसऱ्या कुणी काढला तर मानणारही नाही. प्रत्ययांवरून माणसांच्या कुंडल्या मांडण्याचा धंदा पुष्कळ झाला. बेंजामिन व्होर्फने होपी भाषेत काळाची कल्पनाच नाही असे लिहिले; जगभरच्या हुशार लोकांनी ते पिढ्यान्‌पिढ्या घोकले. १९८३ साली एकेहार्ट मालोत्की यांनी होपी भाषेतल्या काळावर सहाशेहून अधिक पानांचा ग्रंथ लिहून तो फुगा फोडला. २०१३ साली कीथ चेन या अर्थशास्त्रज्ञाने मांडले, की ज्यांच्या भाषेत भविष्यकाळ वेगळा दाखवावा लागतो ते लोक बचत कमी करतात. २०१५ साली भाषांची आपापसातली नातीगोती हिशेबात घेताच तो संबंध बराच लुळा पडला. आणि त्या फेरतपासणीत चेन स्वतः सामील होते, हे त्यांच्या प्रामाणिकपणाला शोभणारेच आहे.

हाच न्याय कुणी आपल्याला लावला तर? आतल्या खोलीतून हाक येते, आणि खुर्चीवरचा मराठी माणूस जागचा न हलता उत्तर देतो, “आलोच!” क्रियापद भूतकाळी, कृती भविष्यकाळी, आणि देह वर्तमानकाळी खुर्चीत. घरातून बाहेर पडताना हाच माणूस म्हणतो, “बरंय, येतो.” एखाद्या परदेशी पंडिताने यावरून असा प्रबंध लिहिला, की मराठी लोकांना झालेले आणि होणारे यांतला भेद कळत नाही, जाणे आणि येणे त्यांना एकच वाटते, सबब त्यांचा काळ गोल फिरतो, तर आपण त्याला हसू. आपण हसू शकतो, कारण ‘आलोच’मधल्या त्या ‘च’चे वजन आपल्याला ठाऊक आहे. तोच न्याय ‘चिमि’ला लावताना आपल्या बुद्धीला कसर का लागते?

आता दुसरा आधार : सारे टिपून ठेवले आहे. ठेवले आहे खरे. ब्राइट यांचे व्याकरण आहे, गोष्टी आहेत; १९२० च्या दशकापासून हॅरिंग्टन यांनी केलेली टिपणे आहेत; २००५ साली ब्राइट आणि सुसान गेअर यांनी मिळून केलेला शब्दकोशही आहे. या श्रमांपुढे मी हात जोडतो. पण एक गोष्ट विचारतो. ‘फार पूर्वी असे झाले’ हे वाक्य कागदावर सुखाने राहते. ‘पुढे कधीतरी होईल’ हेही राहते. ‘आता होईलच’ हे कागदावर राहील कसे? चुलीवरचे पाणी उकळायला आले, हे सांगायला चूल लागते, पाणी लागते, आणि ऐकणारे दुसरे माणूस त्याच घरात लागते. पुस्तक मिटले की ते पाणी निवते. नजीकचा भविष्यकाळ हा दोन जिवंत माणसांमधला व्यवहार आहे; तो कपाटात ठेवता येत नाही.

आणि तो व्यवहार आपोआप आटला नाही, मोडला गेला. १८५० च्या सुमारास सोन्याच्या मागे धावलेले गोरे क्लामथपर्यंत पोचले, आणि त्यांच्यामागून जाळपोळ व कत्तली आल्या. नंतर मुले निवासी शाळांत गेली, जेथे घरची भाषा बोलणे हा गुन्हा होता. मार खाल्लेल्या मुलांनी मोठे झाल्यावर आपल्या मुलांशी इंग्रजीच बोलायचे ठरवले. त्यात माया होती, म्हणून ते अधिक वाईट. आज लहानपणापासून करुक बोलत आलेली माणसे बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत. याला ‘नैसर्गिक मृत्यू’ म्हणणाऱ्याला दुसऱ्याच्या घराला लागलेली आगही ऋतुमानच वाटत असावी.

तरी क्लामथकाठच्या लोकांनी आपल्या पंडितांची परवानगी विचारलेली नाही. १९९२ पासून कॅलिफोर्नियात एक उपक्रम चालतो : एक जाणता वृद्ध आणि एक शिकणारा यांची जोडी जमवायची आणि दोघांनी तासन्‌तास एकत्र काढायचे, स्वयंपाक, धुणे, भटकणे काय वाटेल ते करावे, पण इंग्रजी बोलू नये. करुक लोकही त्यात उतरले. यात भाषा कुठून सुरू होते पाहा : ‘चला’, ‘दे’, ‘आता सांडेल’, ‘आता होईलच’. कपाटात जे मावले नव्हते ते स्वयंपाकघरात परत येते.

करुक गोष्ट सांगणारा गोष्ट संपवताना एक ठरीव मागणी करतो : वसंतातल्या सॅमन माशाने लवकर नदीतून वर यावे, जमिनीतल्या कंदाने लवकर कोंब काढावा. त्या मागणीतल्या क्रियापदांना भविष्याचाच प्रत्यय लागतो. आपण नाही का निघणाऱ्याला बजावीत, ‘जपून जाशील’? कित्येक दशके ती मागणी धरणांच्या भिंतीवर आपटत होती. करुक मुलखाच्या वरच्या अंगाला क्लामथवर चार धरणे होती. सॅमनची वाट तेथे संपे. करुक, युरोक आणि शेजारच्या जमातींनी वर्षानुवर्षे झगडून ती काढायला लावली. पहिले २०२३ साली गेले, उरलेली तीन २०२४ साली. त्याच शरदात सॅमन धरणांच्या जागा ओलांडून ओरेगॉनपर्यंत वर गेले.

धरण पडले म्हणून भाषा वाचली असे म्हणण्याइतका मी भोळा नाही. पण ती भिंत उभी असताना ‘हे कायमचेच आहे, आता काय होणार’ असे म्हणणारे शहाणे तेथेही होतेच, आणि ते हरले. आपल्या बुलढाण्याच्या डोंगरकडेला निहाली बोलणारी थोडी माणसे आहेत. त्यांच्याही भाषेला सख्खी बहीण नाही. तिच्याबद्दल बोलताना आपला सूर मृत्युलेखाचा असतो की शेजाऱ्याचा, हे यंदा फराळाच्या ताटावर बसल्या बसल्या तपासायला हरकत नाही. भाषेला भविष्य आहे की नाही, हे तिच्या प्रत्ययांत शोधू नये. तिच्यातून हाक मारली तर ‘आलोच’ म्हणणारे कुणी घरात आहे काय, एवढे पाहावे. आणि नसेल, तर त्याला घराबाहेर कुणी काढले हे विचारावे.