गडाची वाट, उसाची वाट



ऊस अधिकाऱ्याने बेणे, खत, लागण यांवर लिहावे, गडकिल्ल्यांची उठाठेव त्याला कशाला, असे तुम्ही म्हणाल. पण ऐका.

मध्यंतरी लागणीच्या नोंदी घ्यायला मनमाडच्या बाजूला गेलो होतो. डोंगराकडे निघालेली आठ-दहा पोरे सरळ कोवळ्या लागणीतून चाललेली. कोंब मोडले, ठिबकची नळी उचकटली. सभासद काठी घेऊन धावले. त्यांचा राग खोटा नव्हता. पोरे म्हणाली, "काका, वाट दिसलीच नाही." बघितले तर खरेच वाट नव्हती. पूर्वी तिथे गाडीवाट होती. दोन्हीकडून नांगर वीत-वीत सरकला आणि वाट पिकाखाली गेली.

मनमाडजवळ अंकाई-टंकाई हे जोडकिल्ले. टंकाईच्या अंगाला जैन लेणी, अंकाईच्या माथ्यावर अगस्ती ऋषींचे ठिकाण. जवळच हडबीची शेंडी. अंगठ्यासारखा तो सुळका रेल्वेतूनही ओळखू येतो. लांबलांबची पोरे तिथे दोर लावून चढायला येतात. गड सगळ्यांचा, पायथ्याची जमीन मात्र आपली. म्हणून भांडण बांधावर येते.

स्कॉटलंडमध्ये २००३ साली कायदा झाला. रानावनात, डोंगरात कुणीही नीट वागून फिरावे. उभ्या पिकात पाय घालू नये, शेताच्या कडेने जावे. म्हणजे फिरणाऱ्यालाही वाट आणि पिकालाही राखण. आपल्याकडे १९६६ च्या जमीन महसूल संहितेतील कलम १४३ प्रमाणे बांधावरून वाट देण्याचा निर्णय तहसीलदार करतात. तो हक्क शेतकऱ्याचा, फिरायला येणाऱ्याचा नव्हे. पण वाट मोकळी झाली की दोघांचेही काम भागते.

आता मुद्द्याचे. त्याच सभासदांचा ऊस गेल्या हंगामात तोडून तीन दिवस फडात पडून होता. शेजाऱ्याच्या पिकातून गाडी घालता येईना. तोडलेला ऊस वाळतो, वजन घटते, उतारा पडतो. पोरांना जी वाट सापडली नाही, तीच उसालाही सापडली नाही!

म्हणून माझे म्हणणे असे. डोंगरापायथ्याच्या गावांनी ग्रामसभेत बसून जुनी वाट नकाशावरून मोजून घ्यावी. गाडी जाईल एवढी ती मोकळी करावी, कडेने चुना मारलेले दगड लावावेत. तोंडाशी पाटी ठेवावी : पिकात पाय नको, कचरा परत न्या, फाटक लावून घ्या. एवढे करून कुणी पिकात शिरला, तर त्याला खुशाल खडसवा. तेव्हा गाव तुमच्या बाजूने असेल.

दिंडी आली तर आपण पाणी घेऊन रस्त्यावर उभे राहतो. गड बघायला येणाराही आपल्याच मुलखाचे कौतुक करायला येतो. बांध कोरून कुणी श्रीमंत झाल्याचे माझ्या ऐकिवात नाही. वाटेअभावी ऊस वाळलेला मात्र दर हंगामाला बघतो.

पटते का बघा. गट-कार्यालयात भेटलात तर बोलूच.

— ऊस विकास अधिकारी