अ‍ॅल्युमिनियम म्हणजे सोनं नव्हे!

"तावून सुलाखून" हा शब्दप्रयोग सोन्यासाठी झकास आहे, पण घरी हौसेने ओतकाम करणाऱ्यांच्या डोक्यात त्याने घोळ घातलाय असं माझं स्पष्ट मत आहे. भंगार अ‍ॅल्युमिनियम वितळलं, वर मळी दिसली, की सुरू... आणखी आच, आणखी ढवळणं, मूठभर मीठ, चिमूटभर सवागी. "तापू दे अजून, घाण जळून जाईल!"

नाही जळत हो! सोन्याला आगीचं काही वाटत नाही. हिणकस जळतं, सोनं उरतं. अ‍ॅल्युमिनियमचं नेमकं उलटं. हवा लागली की त्यावर ऑक्साइडची साय धरते. ढवळलं की ती मोडून आत जाते आणि वर नवी धरते. शिवाय वाफेतला हायड्रोजन रसात विरघळतो, आणि रस जितका तापवाल तितका जास्त. 660 अंशांच्या आसपास गोठताना धातूला त्यातला जेमतेम विसावा हिस्सा धरून ठेवता येतो. उरलेला बुडबुडे होऊन आतच अडकतो. मग वस्तू कानशीने घासली की टाचणीएवढी भोकं!

आता मीठ. साधं मीठ आणि पोटॅशियम क्लोराइड यांचं कोरडं मिश्रण मळी सुटी करतं, हे मान्य. पण रसात विरघळलेलं लोखंड ते काढत नाही. लोखंडी डब्यात रस तासभर तापत ठेवलात तर डबाच थोडाथोडा रसात उतरतो आणि वस्तू ठिसूळ होते. वायू काढायच्या हेक्झाक्लोरोइथेनच्या गोळ्या विषारी धूर सोडतात, त्या अंगणात नकोतच. आणि ओलं मीठ किंवा ओलं भंगार रसात गेलं तर पाण्याची क्षणात वाफ होऊन रस अंगावर उडतो. भाचेकंपनी, हे नीट वाचा!

मग शुद्ध करायचं कधी? भट्टी पेटवण्याआधी. जुने पिस्टन, गाडीची अ‍ॅलॉय चाकं असा मुळात ओतलेला माल घ्या. त्यातल्या सिलिकॉनमुळे रस छान वाहतो. शीतपेयांचे डबे नकोत, तो पातळ पत्रा बराचसा मळीतच जातो. स्क्रू काढा, तेल धुवा, खडखडीत वाळवा. ग्राफाइटची मूस वापरा. वितळलं की मळी एकदा हलक्या हाताने काढा आणि लगेच ओता.

तांदूळ आपण शिजवण्याआधी निवडतो ना? भात झाल्यावर खडे वेचत बसत नाही. असो.