बाई पडद्यावर आहे, पण खेळ कुणाच्या हातात?

व्हिडिओ गेमचा विषय निघाला की आपल्या बैठकांत दोन तक्रारी हमखास येतात. मुलगा दिवसभर त्यातच असतो ही एक, आणि त्या खेळांतल्या बायका अर्ध्या कपड्यांत असतात ही दुसरी. दोन्ही खऱ्या आहेत. पण चाळिशी ओलांडलेली बाई रात्री ओटा आवरून स्वतःसाठी तासभर खेळायला बसते, हे आपल्यातल्याही अनेकींना जरा विचित्रच वाटतं. ती वाचत बसली तर चालतं. विणत बसली तर कौतुकच. पुरुषांनी पारावर पत्ते कुटले तर कुणी कारण विचारत नाही. बाईच्या खेळाला मात्र मंगळागौर नाहीतर भोंडला असं निमित्त लागतं. मी निमित्ताशिवाय खेळते. (पैसे लावायच्या रमीच्या ॲपबद्दल मी बोलत नाही. त्यांनी किती घरं बुडवली ते आपण पाहिलंय. संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये अशा खेळांवर बंदीचा कायदा केला, बरं झालं.)

दरवर्षी डिसेंबरात मैत्रिणी विचारतात, यंदा काय आवडलं? मला अजून २०२३ सालाची यादी सगळ्यात जवळची वाटते. खेळात स्त्री पात्र आहे की नाही एवढ्यावर मी आता थांबत नाही. खेळात माझे हात काय काम करतात, कुणाच्या वतीने करतात, ते पाहते.

यादीत पहिला ‘वेन्बा’. कॅनडातल्या टोरांटोच्या ‘विसाई गेम्स’ या छोट्या चमूने केलेला. १९८८ साली कॅनडात आलेलं एक तमिळ जोडपं, वेन्बा आणि पावलन, आणि तिथेच जन्मलेला त्यांचा मुलगा कविन. वेन्बाकडे आईची पाककृतींची वही आहे. पानं फाटलेली, शाई पसरलेली, मधल्या पायऱ्या गायब. खेळणारीने त्या भरून काढायच्या. इडलीपात्राच्या ताटल्या कशा रचायच्या, कशानंतर काय घालायचं. चुकलं तर पुन्हा करायचं, गुण कापायला कुणी बसलेलं नाही.

स्वयंपाकाचे खेळ बाजारात पुष्कळ आहेत. त्यांत बहुधा घड्याळ धावत असतं, गिऱ्हाइकं ओरडत असतात. इथे स्वयंपाक हे डोकं चालवण्याचं काम आहे. आपल्या आया-आज्यांच्या वह्या आठवा: ‘मीठ अंदाजाने’, ‘पाणी लागेल तेवढं’. लिहिणारीला ठाऊक होतं म्हणून तिने लिहिलं नाही, आणि जे लिहिलं गेलं नाही त्याला कुणी ज्ञान म्हटलं नाही. हा खेळ त्या न लिहिलेल्या ओळींचंच कोडं करतो. पुढे तीच वही मोठ्या झालेल्या कविनच्या हातात येते आणि त्याला तमिळ नीट वाचता येत नाही. आईचं शहाणपण समोर उघडं आहे आणि मुलाला त्यातले शब्द लागत नाहीत, हे दुःख मी कादंबऱ्यांतही इतकं थेट अनुभवलेलं नाही. माझी तक्रार एकच. वेन्बाची नोकरीची धडपड कडेलाच राहते. चुलीपलीकडची वेन्बा मला आणखी हवी होती. तरीही २०२४ मध्ये पदार्पणातल्या खेळाचा ‘बाफ्टा’ पुरस्कार त्याला मिळाला तेव्हा मी शेजारणीला पेढा दिला. कशाबद्दल ते तिला समजावता समजावता चहा गार झाला.

दुसरा ‘बाल्डर्स गेट ३’. बेल्जियममधल्या ‘लारियन’चा, ऑगस्ट २०२३ मध्ये आलेला अवाढव्य खेळ. शंभर तासही पुरत नाहीत, आणि बाईला शंभर तास सलग कोण देतंय? मी तो आठ महिने पुरवून खेळले. फाशांवर चालणारी राक्षस-चेटक्यांची गोष्ट आहे. माणसं मारायला तर पुष्कळ लावतो. पण त्यातला एक प्रसंग मला आपल्या शिबिरांतल्या चर्चांइतकाच महत्त्वाचा वाटतो.

ॲस्टारियन नावाचा एक रक्तपिपासू पुरुष आपल्या सोबत असतो. दोनशे वर्षं तो एका मालकाचा गुलाम होता, आणि मालकाने त्याच्या देहाचा आमिष म्हणून वापर केला. वाटेत एक बाई भेटते. त्याने मला चावावं, मी कायमची ताकद देणारं औषध देते, म्हणते. तो नको म्हणतो. आता निर्णय आपला. त्याला भरीला घातलं तर औषध मिळतं, पण त्याचा विश्वास तुटतो. त्याच्या नकाराला मान दिला तर औषध गेलं. संमतीवर आपण किती पत्रकं काढली! समोरच्याच्या नकाराने आपलं नुकसान होत असतानाही तो नकार मानायचा का, हा खरा कठीण प्रश्न पत्रकात विचारता येत नाही. इथे तो बोटाखाली येतो. आणि देह पुरुषाचा आहे, भरीला घालणारी मी आहे, यामुळे तो आणखी बोचतो.

तिसरा ‘थर्स्टी सूटर्स’, नोव्हेंबर २०२३ चा. नव्वदच्या दशकातलं अमेरिकेतलं एक छोटं गाव, आणि बदनाम होऊन घरी परतलेली जाला. दक्षिण आशियाई घरातली मुलगी. तिने सोडलेले प्रियकर आणि प्रेयस्या एकेक करून समोर येतात, शिवाय आजीने धाडलेली स्थळं. मारामारी टोमण्यांनी होते. ज्यांना दुखावलं त्यांचं जालाला ऐकून घ्यावं लागतं, कारण ती काही सोशीक, गुणी नायिका नाही. स्केटिंगचे भाग मला कंटाळवाणे वाटले, ते सोडून द्या.

आणि ‘झेल्डा’. मे २०२३ मध्ये आलेल्या ‘टिअर्स ऑफ द किंगडम’च्या तीन दिवसांत एक कोटी प्रती खपल्या. हाताशी येईल ते जोडून गाड्या, पूल, विमानं बनवायची. सुतारकाम, यंत्रकाम मुलींच्या हाती कुठे येतं? म्हणून मी यात हरवून गेले. पण गोष्ट तीच: राजकन्या झेल्डा सुरुवातीलाच नाहीशी होते आणि लिंक तिला शोधत फिरतो. मालिका १९८६ पासून तिच्या नावाने चालते, आणि निन्टेंडोच्या मुख्य मालिकेत तिला प्रमुख भूमिकेत खेळायला मिळालं ते सप्टेंबर २०२४ मध्ये, ‘इकोज ऑफ विज्डम’मध्ये. त्याच्या दिग्दर्शकांत टोमोमी सानो ही बाई आहे. अडतीस वर्षं लागली. नाव बाईचं, कारभार दुसऱ्याचा, हे आपल्याला सरपंचबाईंमुळे चांगलं माहीत आहे.

हे चारही खेळ मी एकटीने खेळले, आणि ही फक्त आवड नव्हे. अनोळखी माणसांबरोबर खेळायच्या एका खेळात मी दोनदा बोलले होते. बाईचा आवाज ऐकताच एकाने स्वयंपाकघरात जायला सांगितलं, दुसऱ्याने जे म्हटलं ते इथे छापता येणार नाही. तेव्हापासून माझा माइक बंद. माझ्या ओळखीच्या कितीतरी मुली असाच आवाज बंद करून, नाव पुरुषी घेऊन खेळतात. रात्री रस्त्यावर बाईने निर्धास्त फिरावं म्हणून आपण मोर्चे काढले. हाही रस्ताच आहे, आणि त्यावर हजारो मुली रोज तोंड मिटून चालतात. आपल्या एकाही ठरावात त्याचा उल्लेख मी अजून पाहिला नाही.

येत्या शिबिरात गाणी संपल्यावर मी लॅपटॉप लावणार आहे. ‘वेन्बा’ तासा-दीड तासात संपतो. ज्यांना इडली करता येते त्यांनी उत्तर आधी सांगून टाकायचं नाही, एवढीच अट.