अळ्यांचा पाहुणचार

दिवाळीच्या तोंडावर घरोघरी रवा चाळला जातो. चाळणीत जाळी लागली, तिच्यात पांढुरकी अळी वळवळली, की गृहिणीच्या कपाळाला आठी पडते आणि रव्याची रवानगी उन्हात होते. हीच अळी मी घराच्या मागच्या खोलीत मुद्दाम पाळतो, तिला भरडलेली ज्वारी आणि शेंगदाण्याचा कूट घालतो, असे म्हटले तर वाचक मला वेड्यात काढतील. आमच्या घरी ते काम आधीच उरकले आहे. "लोक दिवाळसणाला जावई बोलावतात, तुम्ही अळ्या बोलावता!" हा आमच्या मंडळींचा अभिप्राय.

पण या अळीचे मोल मोठे आहे. तिचा पुढे राखी रंगाचा पतंग होतो. शास्त्रज्ञ त्याला कॉर्सिरा म्हणतात. या पतंगाची अंडी म्हणजे ट्रायकोग्रामा नावाच्या मित्रकिडीचे अन्न. ही गांधीलमाशीच्या जातकुळीतली. पण आकार जेमतेम अर्धा मिलिमीटर. ती दुसऱ्या किडीच्या अंड्यात आपले अंडे घालते. तिचे पिलू आतला बलक खाऊन बाहेर येते आणि शत्रूची अळी जन्मालाच येत नाही. धान्यातल्या पतंगाच्या अंड्यांवर ही माशी मोठ्या प्रमाणावर वाढवता येते, हे कॅलिफोर्नियात फ्लँडर्स या शास्त्रज्ञाने १९३० च्या सुमारास दाखवून दिले. आज आपल्याकडे ट्रायकोकार्ड म्हणून जे मिळते, ते याच विद्येचे फळ.

यवतमाळ जिल्ह्यात राहणाऱ्याला हा उद्योग का सुचावा, हे वेगळे सांगायला नको. २००२ साली बीटी कपाशी आली, तेव्हा बोंडअळीची कटकट संपली असे वाटले होते. शेंदरी बोंडअळीने काही वर्षांतच त्या समजुतीला भोक पाडले. २०१७ च्या हंगामात पराटी माणसाच्या डोक्याएवढी वाढली, फवारे वाढले, औषधांची मिश्रणे वाढली. आणि फवारणीच्या विषबाधेने आमच्या जिल्ह्यात वीसहून अधिक माणसे गेली. शेकडो दवाखान्यांत पडली. आमच्या शेजारचा एक तरुण तेव्हा रोजाने फवारणीला जाई. एका संध्याकाळी तो भिंत धरधरून घरी आला. डोळ्यांपुढे सारे धूसर. तो वाचला. मागच्या खोलीतल्या पेट्या त्यानंतरच्या.

आता पाहुण्यांच्या बडदास्तीविषयी. ज्वारी भरडावी, तासभर चांगली तापवून घ्यावी, म्हणजे तिच्यातली आधीची कीड मरते. अडीच किलो भरड्याला शंभर ग्रॅम शेंगदाण्याचा कूट आणि पाच-पाच ग्रॅम यीस्ट व गंधक. गंधक कोळ्यांच्या बारीक जातीला दूर ठेवते. थंड झाल्यावर लाकडी पेटीत पसरून वर पतंगाची अर्धा घनसेंटीमीटर अंडी भुरभुरावीत. ही बीजाची अंडी कृषी विद्यापीठाच्या किंवा कृषी खात्याच्या प्रयोगशाळेतूनच घ्यावीत. पेटीला हवा हवी, म्हणून झाकणाला बारीक जाळी. सुमारे चाळीस दिवसांनी पतंग निघू लागतात. ते रोज टिपून जाळीच्या तळाच्या डब्यात सोडायचे आणि मधाच्या पाण्यात भिजवलेला कापसाचा बोळा आत टांगायचा. अंडी जाळीतून खाली गळतात. पतंगाच्या पंखांची भुकटी छातीला वाईट. नाकातोंडाला फडके बांधल्याशिवाय डबा उघडू नये.

या प्राण्याला सोसत नाही ते तीन गोष्टींनी येते: ऊन, दमटपणा आणि गर्दी. अठ्ठावीस अंशांच्या आसपास तो सुखात असतो. आमच्या मे महिन्यात पारा पंचेचाळिशीकडे धावतो, तेव्हा खिडकीला ओले गोणपाट आणि पेट्या जमिनीलगत. पावसाळ्यात भरड्याला बुरशी धरते. वास बदलला की ती पेटी खोलीबाहेर. मेजाच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या, नाहीतर मुंग्या मेजवानी उरकतात. सर्वांत कावेबाज शत्रू ब्रॅकॉन नावाची माशी. शेतात ही आपली मैत्रीण, अळ्यांचा फडशा पाडणारी. पेटीत शिरली तर त्याच गुणामुळे आपली वैरीण. मैत्री कुठे आणि वैर कुठे, हे जागेवर ठरते.

परदेशात पाळीव पक्ष्यांना आणि सरड्यांना खाऊ घालण्यासाठी लोक घरात रातकिडे पाळतात. त्यांचेही शास्त्र हेच: कोरडी जागा, खेळती हवा, दडायला अंड्यांचे पुठ्ठे, पाणी मिळावे पण बुडायला नको म्हणून ओला बोळा. खाण्यात प्रथिने कमी पडली की रातकिडे एकमेकांनाच खातात. २०१० च्या सुमारास एका विषाणूने अमेरिकेतल्या रातकिड्यांच्या मोठमोठ्या शेतींचा धुव्वा उडवला. एकाच छपराखाली लाखोंची दाटी केली की असे होते. म्हणून माझ्या पेट्या थोड्या, आणि एकमेकींपासून दूर.

अंडी गोळा झाली की ती अतिनील दिव्याखाली धरतात, म्हणजे त्यांतून अळी निघत नाही. मग ती डिंकाने कार्डावर चिकटवून ट्रायकोग्रामाच्या हवाली करतात. तीन-चार दिवसांत अंडी काळी पडली की कार्ड साधले. एका कार्डावर वीसएक हजार अंडी. एकरी तीन कार्डे. शेंदरी बोंडअळीसाठी या कुळातली बॅक्ट्री नावाची माशी वापरतात. पट्ट्या कापून संध्याकाळी पानांच्या मागे टाचायच्या, आणि त्या आठवड्यात फवारा मारायचा नाही.

आमचा तो शेजारी पहिल्यांदा हसला होता. "काय करून रायले मास्तर, किड्यासाठी किडे पाळून रायले?" आता तो आपल्या तीन एकरांत कार्डे लावतो. कार्ड म्हणजे जादू नव्हे, हे मी त्याला पहिल्या दिवशीच सांगितले. कामगंध सापळे लावावेच लागतात, डोमकळ्या वेचून जाळाव्याच लागतात, आणि चार पैशांच्या आशेने फरदड ठेवली तर सगळ्यावर पाणी पडते. एवढे सारे करून गेल्या हंगामात त्याच्या दोन फवारण्या वाचल्या. दोनच. पण ज्याच्या पाठीवर पंप असतो, त्याला दोनचा अर्थ समजतो.

ज्यांना हे काम घरी करायचे असेल त्यांनी एका पेटीपासून सुरुवात करावी, आणि ती स्वयंपाकघरापासून लांब ठेवावी. नाहीतर मंडळींचा अभिप्राय माझ्याकडे कळवू नये. तो मला पाठ आहे.