विश्लेषण : जिमवरील जीएसटी घटला, पण वजन घटण्याचे गणित वेगळेच का?

नवे वर्ष उजाडले की जिममध्ये ट्रेडमिलसाठी रांगा लागतात आणि मार्च येईपर्यंत त्या ओसरतात. यंदा या गर्दीला आणखी एक निमित्त आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून जिमच्या शुल्कावरील वस्तू आणि सेवा कर १८ टक्क्यांवरून ५ टक्के झाला. ‘वर्षाचे पैसे भरा, तीन महिने मोफत’ अशा जाहिराती मोबाइलवर येऊन आदळत आहेत. मात्र जिमला गेले की वजन आपोआप उतरते, हे कितपत खरे? पहिल्यांदाच जिमची पायरी चढणाऱ्याने काय अपेक्षा ठेवावी आणि पैसे भरण्यापूर्वी काय तपासावे, याचा आढावा.

जिम खरेच किती स्वस्त झाली?

जीएसटी परिषदेच्या ३ सप्टेंबर २०२५ च्या बैठकीत हा निर्णय झाला. समजा, जिमचे वर्षाचे मूळ शुल्क १२ हजार रुपये आहे. पूर्वी त्यावर २१६० रुपये कर लागून १४ हजार १६० रुपये होत. आता ६०० रुपये कर लागून १२ हजार ६०० रुपये होतात. म्हणजे कागदावर १५६० रुपयांची बचत.

पण ५ टक्क्यांचा हा दर ‘इनपुट टॅक्स क्रेडिट’विना आहे. जिमचालकाने जागेचे भाडे, यंत्रे, देखभाल यांवर भरलेला कर पूर्वी त्याला वजा करून घेता येत असे. ती सोय आता नाही. त्यामुळे काही ठिकाणी मूळ शुल्कच वाढू शकते. शिवाय वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांच्या आत असलेल्या सेवा व्यावसायिकाला जीएसटी नोंदणी बंधनकारक नाही. गल्लीतल्या अशा छोट्या जिममध्ये आधीही कर नव्हता, आताही नाही. म्हणून नुसती सवलत न पाहता गेल्या वर्षीची एकूण रक्कम आणि यंदाची एकूण रक्कम यांची तुलना करावी.

वजन जास्त आहे, हे कसे ठरवायचे?

उंची आणि वजनाच्या गुणोत्तरावरून निघणारा बीएमआय हे पहिले माप. जगभर २५ च्या पुढे ‘जादा वजन’ आणि ३० च्या पुढे ‘लठ्ठपणा’ मानतात. भारतीयांमध्ये कमी बीएमआयवरही पोटावर चरबी साठते आणि मधुमेहाचा धोका वाढतो. त्यामुळे आपल्याकडे डॉक्टर २३ आणि २५ या मर्यादा वापरतात. कंबरेचा घेर पुरुषांमध्ये ९० सेंटीमीटर आणि महिलांमध्ये ८० सेंटीमीटरच्या पुढे गेला, तर तो धोक्याचा इशारा समजतात.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) ‘इंडियाब’ पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात १० कोटींहून अधिक प्रौढांना मधुमेह आहे आणि सुमारे ४० टक्के प्रौढांच्या पोटाचा घेर प्रमाणाबाहेर आहे. त्यामुळे जिम सुरू करताना वजनकाट्यासोबत शिंप्याची टेपही हाताशी ठेवलेली बरी.

केवळ जिमने वजन का उतरत नाही?

इथे थोडे गणित करावे लागते. ८० किलो वजनाची व्यक्ती ट्रेडमिलवर ताशी ५ किलोमीटर वेगाने ४५ मिनिटे चालली, तर साधारण २१० किलोकॅलरी खर्च होतात. त्यातील सुमारे ६० किलोकॅलरी घरी बसूनही खर्च झाल्या असत्या. म्हणजे चालण्याची निव्वळ कमाई १५० किलोकॅलरी. आठवड्यातून चार दिवस हे केले, तर आठवड्याला ६००. एक किलो चरबीत साधारण ७७०० किलोकॅलरी असतात. या हिशेबाने एक किलो चरबी जाळायला जवळपास १३ आठवडे, म्हणजे तीन महिने लागतात.

आता ताटाकडे पाहू. एका वडापावमध्ये साधारण ३०० किलोकॅलरी धरल्या, तर रोजचा एक वडापाव थांबवल्यास आठवड्याला २१०० किलोकॅलरी कमी होतात. तेवढ्याच चरबीसाठी मग चार आठवड्यांहूनही कमी काळ लागतो. उलटही तितकेच खरे : ४५ मिनिटे घाम गाळून बाहेर पडल्यावर खाल्लेला एक वडापाव अशा दोन दिवसांचा व्यायाम पुसून टाकतो.

प्रत्यक्षात शरीर इतके सरळ वागत नाही. अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ हर्मन पाँट्झर यांनी टांझानियातील हाड्झा या शिकार आणि कंदमुळांवर जगणाऱ्या जमातीचा अभ्यास केला. दिवसभर पायपीट करणाऱ्या या लोकांचा रोजचा एकूण ऊर्जाखर्च, शरीराचा आकार लक्षात घेता, शहरी पाश्चात्त्यांपेक्षा फारसा वेगळा नसल्याचे २०१२ मध्ये समोर आले. हालचाल वाढली की शरीर इतरत्र काटकसर करते, असे त्यांचे म्हणणे आहे. व्यायामानंतर वाढणारी भूक आणि ‘आज जिम झाली, आता लिफ्टने जाऊ’ ही वृत्ती यांचीही त्यात भर पडते. ट्रेडमिलच्या पडद्यावर दिसणारा कॅलरींचा आकडा हा केवळ अंदाज असतो, हेही ध्यानात ठेवावे.

मग जिमला जायचे कशाला?

कारण वजन आणि आरोग्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चेन्नईत झालेल्या ‘इंडियन डायबिटीस प्रिव्हेन्शन प्रोग्राम’चे निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या ज्यांनी आहार आणि व्यायामाच्या सवयी बदलल्या, त्यांच्यात मधुमेह होण्याचा धोका सुमारे २८ टक्क्यांनी घटला. विशेष म्हणजे वजनात लक्षणीय घट झालेली नसतानाही हा फायदा दिसला.

दुसरे कारण स्नायूंचे. केवळ कमी खाऊन वजन उतरवले, तर चरबीसोबत स्नायूही झिजतात. वजने उचलण्याच्या व्यायामाने ही झीज रोखता येते. २०२५ मध्ये मौंजारो आणि वेगोवी ही वजन घटवणारी इंजेक्शने भारतात आली. ती घेणाऱ्यांमध्येही स्नायू घटण्याची चिंता असते आणि म्हणूनच डॉक्टर त्यांना प्रथिने आणि वजनांचा व्यायाम सुचवतात. उतरलेले वजन पुन्हा चढू नये, यासाठीही नियमित व्यायामाचा उपयोग होतो. थोडक्यात, वजन उतरवण्याचे बरेचसे काम ताटात होते. जे उतरले ते टिकवण्याचे आणि शरीर कणखर ठेवण्याचे काम जिममध्ये होते.

पहिल्या महिन्यात काटा का हलत नाही?

बहुतेक नवखे इथेच जिम सोडतात. नव्या व्यायामाने स्नायूंच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते. ती भरून निघताना तेथे पाणी साठते. व्यायाम करणारे स्नायू ग्लायकोजेनचा साठाही वाढवतात आणि प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनसोबत सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवले जाते. त्यामुळे पहिल्या दोन-तीन आठवड्यांत काटा जागेवर राहिला किंवा किलोभर पुढे गेला, तरी ती चरबी नसते.

यावर उपाय म्हणजे रोज वजन करून हिरमुसण्यापेक्षा आठवड्याची सरासरी पाहणे आणि पंधरा दिवसांनी कंबर मोजणे. जिना चढताना लागणारी धाप, झोप, पँटची सैल झालेली कंबर या खुणा अनेकदा काट्याच्या आधी दिसतात. महिन्याला दोन किलोपर्यंत घट ही वास्तव अपेक्षा आहे. ‘महिन्यात दहा किलो’ अशा हमीपासून लांब राहावे.

नवख्याने सुरुवात कशी करावी?

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम व्यायाम आणि किमान दोन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम करावा. नवख्यासाठी आठवड्यातून तीन दिवस, एक दिवसाआड जिम पुरेशी आहे. उरलेल्या दिवशी अर्धा तास भरभर चालावे.

पहिल्या महिन्यात प्रत्येक खेपेला पाच-सहाच व्यायाम करावेत : दहा मिनिटे अंग मोकळे करणे, खुर्चीवर बसून उठल्यासारखे स्क्वॉट, चेस्ट प्रेस, लॅट पुलडाऊन, सीटेड रो आणि प्लँक. प्रत्येकाचे दोन सेट, दहा-बारा वेळा. वजन असे निवडावे की सेट संपताना ‘अजून दोन-तीन वेळा जमले असते’ असे वाटावे. बारा वेळा सहज जमू लागले, की वजन थोडे वाढवावे. शेजारचा किती उचलतो, हे पाहून वजन वाढवू नये.

व्यायामानंतर एक ते तीन दिवस अंग दुखणे स्वाभाविक आहे. मात्र सांध्यात टोचल्यासारखी कळ आली तर तो व्यायाम थांबवावा. स्नायू प्रचंड सुजले आणि लघवी गडद तपकिरी झाली, तर थेट डॉक्टरांकडे जावे. अतिव्यायामाने स्नायू फुटून मूत्रपिंडांवर ताण येत असल्याचे ते लक्षण असू शकते.

खाण्यात काय बदलावे, पावडर घ्यावी का?

राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये निरोगी प्रौढासाठी दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम प्रथिनांची शिफारस केली. ८० किलोच्या व्यक्तीला हे प्रमाण रोज साधारण ६६ ग्रॅम होते. पोहे, भाकरी-भाजी आणि पातळ आमटी एवढ्यावर हा आकडा गाठणे कठीण जाते. उसळ, घट्ट वरण, पिठले, दही, अंडी, पनीर, मासे किंवा चिकन यांपैकी काहीतरी प्रत्येक जेवणात असले तर तो गाठता येतो. एका अंड्यातून सुमारे सहा ग्रॅम प्रथिने मिळतात.

स्नायू कमावण्यासाठी प्रथिनांची पावडर टाळावी, असे याच संस्थेने २०२४ च्या आहार मार्गदर्शक सूचनांत म्हटले आहे. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय प्रथिने वाढवू नयेत. पहिल्या महिन्यातच कुणी चार-पाच हजारांचा डबा गळ्यात मारत असेल, तर ती रक्कम अंडी-कडधान्यांवर खर्च करणे परवडते.

धोका कुणाला?

कन्नड अभिनेते पुनीत राजकुमार यांचे ऑक्टोबर २०२१ मध्ये वयाच्या ४६ व्या वर्षी निधन झाले. व्यायामानंतर त्यांना अस्वस्थ वाटू लागले होते. तेव्हापासून जिम आणि हृदयविकार यांची चर्चा थांबलेली नाही. १८ ते ४५ वयोगटातील अचानक मृत्यूंबाबत आयसीएमआरने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात कुटुंबातील अचानक मृत्यूचा इतिहास, करोनामुळे पूर्वी रुग्णालयात दाखल व्हावे लागणे, मृत्यूपूर्वीच्या ४८ तासांतील अतिमद्यपान आणि अतितीव्र शारीरिक श्रम यांचा धोक्याशी संबंध आढळला.

याचा अर्थ व्यायाम घातक असा नाही. सवय नसताना एकदम जोर लावणे घातक ठरू शकते. रक्तदाब, मधुमेह किंवा घरात हृदयविकार असलेल्यांनी आणि चाळिशीनंतर प्रथमच सुरुवात करणाऱ्यांनी आधी तपासणी करून घ्यावी. छातीत दडपण, भोवळ, अतिरिक्त धडधड जाणवल्यास ‘हा सेट पुरा करू’ म्हणू नये. ताप असताना किंवा रात्रीच्या पार्टीनंतर सकाळी जिम टाळावी. ‘ताकदीसाठी’ म्हणून छुप्या मार्गाने विकली जाणारी मेफेंटरमाइनसारखी इंजेक्शने प्रत्यक्षात शस्त्रक्रियेवेळी घसरलेला रक्तदाब वाढवण्यासाठी असतात. त्यांचा गैरवापर जिवावर बेतू शकतो.

पैसे भरण्यापूर्वी काय पाहावे?

अर्थतज्ज्ञ स्टेफानो डेलाविन्या आणि उल्रिके माल्मेंडियर यांनी अमेरिकेतील तीन जिमच्या साडेसात हजारांहून अधिक सदस्यांच्या नोंदी तपासल्या. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात मासिक सदस्य महिन्याला सरासरी चार-पाच वेळाच येत होते आणि एका खेपेला १७ डॉलरहून अधिक मोजत होते. तेथेच दहा खेपांचा पास घेतला असता, तर एक खेप १० डॉलरला पडली असती. आपण किती वेळा जाऊ, याचा अंदाज माणूस नेहमी फुगवून बांधतो.

म्हणून आधी एक महिन्याचेच शुल्क भरावे. महिन्यात बारा दिवस गेलात, तर पुढचे तीन महिने घ्यावेत. आपण ज्या वेळेला जाणार, त्याच वेळेला आधी एकदा जाऊन गर्दी पाहावी. घर किंवा कार्यालयाच्या वाटेवरची साधी जिम लांबच्या चकचकीत जिमपेक्षा उपयोगाची ठरते. ट्रेनरचे प्रशिक्षण कुठे झाले, हे विचारायला संकोचू नये. ‘पर्सनल ट्रेनिंग’ घेतल्याशिवाय यंत्रे वापरायला शिकवणारच नसतील, तर ते शुल्क भरण्याआधी कळायला हवे.

वार्षिक शुल्क हप्त्याने भरताना ते अनेकदा वित्तसंस्थेचे कर्ज असते. जिमला टाळे लागले, तरी हप्ता सुरूच राहू शकतो. सदस्यत्व मध्येच थांबवता येते का, दुसऱ्याच्या नावे करता येते का, परतावा कधी मिळतो, हे लेखी घ्यावे. बिल न देणे ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार अनुचित व्यापार प्रथा आहे. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे.

आणि पैशांची अडचण असेल, तर महापालिकेच्या उद्यानातली खुली व्यायामशाळा, सोसायटीचा जिना आणि घरच्या घरी स्क्वॉट-जोर एवढ्यावरही सुरुवात होते. त्यावर जीएसटी आधीही नव्हता. तीन महिने ते टिकले, तर जिमचे पैसे वाया जाण्याची शक्यता बरीच कमी होते.