किराणा, पावत्या आणि आपण सगळे



अमेरिकेतल्या आपल्या मंडळाचा 2025 चा गणेशोत्सव निर्विघ्न पार पडला. कुरकुर झाली ती प्रसादाच्या किराण्यावरून. ‘सगळं सामान आपल्या भारतीय दुकानातून का आणलं नाही?’ हा एका बाजूचा सवाल, तर ‘कॉस्टकोचं कार्ड असताना दुकानदाराला जास्त पैसे का मोजले?’ हा दुसऱ्या बाजूचा. दोघांनीही तळमळीनेच विचारलं, याबद्दल समितीला शंका नाही. तरी निर्णय काय झाला आणि का, हे एकदा छापून ठेवलेलं बरं.

साखर, दूध, बदाम, कागदी ताटं आणि बिनमिठाचं बटर कॉस्टकोतून आलं. बटर कढवून तूप घरीच केलं; शिरा ज्यांनी खाल्ला त्यांनी त्याबद्दल तक्रार केलेली नाही. बारीक रवा, मोदकाची पिठी, गूळ, सुकं खोबरं भारतीय दुकानांतून आणलं. त्यातल्या एका दुकानाच्या खोबऱ्याला खवट वास आला, म्हणून पाकिटं परत केली. दुकानदाराने पैसे लगेच दिले, तेव्हा नाव इथे छापत नाही.

एकाच दुकानावर विसंबायचं नाही, हे आपण जुलै 2023 मध्येच शिकलो. भारताने बिगरबासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात थांबवली आणि इथे सोना मसुरीच्या गोण्यांवर झुंबड उडाली. बंदी उठायला सप्टेंबर 2024 उजाडला. 2025 मध्ये 27 ऑगस्टला, नेमकं चतुर्थीच्याच दिवशी, बहुतेक भारतीय मालावरचं इथलं आयातशुल्क 50 टक्क्यांवर गेलं. पुढचा माल काय भावाने येईल, हे दुकानदारालाही सांगता येईना. पण त्याच तांदळाच्या टंचाईत ओळखीच्या दुकानदाराने मंडळासाठी गोण्या बाजूला काढून ठेवल्या होत्या, हेही विसरून चालणार नाही. म्हणून दोन्हीकडून खरेदी.

आपले खजिनदार मूळचे तलासरी तालुक्यातल्या उधव्याचे. दादरा-नगर हवेलीची हद्द तिथून हाकेच्या अंतरावर. एक जिन्नस तलासरीत घ्यायचा, दुसरा सिल्वासाला, आणि यात कुणाशी बेइमानी झाली असं कुणाला वाटत नाही, असं ते बैठकीत म्हणाले. समितीला ते पटलं.

घरच्या किराण्यात अर्थातच मंडळ पडत नाही. कुणी ट्रेडर जोज सोडून कुठे जात नाही, कुणाला ऑरगॅनिकच लागतं, कुणी पाच सेंटसाठी तीन दुकानं फिरतं, तर कुणाला कढीपत्त्याचं पान चुरडून वास घेतल्याशिवाय चैन पडत नाही. ज्याची त्याची आवड. मंडळाच्या पैशाला मात्र पावती लागते. सगळ्या पावत्या फाईलमध्ये आहेत, कुणीही पाहाव्यात.

आता थोडं कटू. खरेदी ठरवायची बैठक दोनदा जाहीर केली, तेव्हा समितीबाहेरचे मोजकेच सभासद आले. प्रसादानंतर मात्र मतांना तोटा नव्हता. मुंबईच्या नायगावात कामगारांनी 1948 साली अपना बाजार उभा केला. मुंबई ग्राहक पंचायत 1975 पासून सभासदांच्या गटांना महिन्याचं वाणसामान पुरवते आहे. ही कामं यादी करणाऱ्या, पोती उचलणाऱ्या, वजन करून वाटणाऱ्या माणसांच्या जोरावर चालतात. आपल्याकडे नेमकी त्यांचीच वानवा आहे. हे कुणा एका गटाला उद्देशून नाही, याची कृपया नोंद घ्यावी.

तर दिवाळीच्या फराळासाठी बेसन, भाजके पोहे, चकलीची भाजणी आणि तेल एकत्र आणायचा विचार आहे. ज्यांना सामान हवं असेल त्यांनी ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारपर्यंत यादी चिटणिसांकडे द्यावी आणि पैसे आगाऊ भरावेत. ज्यांच्याकडे मोठी गाडी आहे, त्यांनी एका शनिवारची सकाळ द्यावी. दुकान कुठलं, ते येणाऱ्यांनी बैठकीत ठरवावं. न येणाऱ्यांनी मग ठरेल ते गोड मानून घ्यावं. आणि ज्यांची वार्षिक वर्गणी राहिली आहे, त्यांनी यादीसोबत तीही द्यावी, ही विनंती.

– संपादक, कार्यकारी समितीच्या वतीने