आरोग्यसाक्षरतेची कसोटी

प्रौढशिक्षणाच्या सरकारी योजनांत आरोग्याला स्थान नसते असे नाही. पण ते बहुधा कागदावरच राहते. २ ऑक्टोबर १९७८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय प्रौढशिक्षण कार्यक्रमाने अक्षरओळखीच्या जोडीला व्यवहारोपयोगी कौशल्य व समाजभान ही उद्दिष्टे मानली होती. २०२२ ते २०२७ या काळासाठी आखलेल्या नवभारत साक्षरता कार्यक्रमातही जीवनकौशल्यांमध्ये आरोग्याचा समावेश आहे. योजना १,०३७.९० कोटी रुपयांची आणि लक्ष्य पाच कोटी प्रौढांचे. परंतु प्रौढ माणूस आपल्या प्रकृतीची निगा राखण्यास शिकला की नाही, हे ठरवायचे कशावरून?

रोगांचे स्वरूप पालटल्यामुळे या प्रश्नाला धार आली आहे. विषमज्वराचा रोगी काही दिवस औषध घेऊन मोकळा होतो. रक्तदाब आणि मधुमेह जन्माचे सोबती असतात. डॉक्टरची गाठ महिन्यातून पाचदहा मिनिटे. उरलेला सारा काळ रोग्याने स्वतःच स्वतःला सांभाळायचे असते. बरे वाटू लागले म्हणून गोळी बंद करावी काय, ताटातले मीठ किती कमी करावे, पायाच्या जखमेकडे केव्हा दुर्लक्ष करू नये, हे निर्णय घरातच होतात. थोडक्या पैशांची गोळी अज्ञानापोटी थांबते, पक्षाघाताने मिळवता माणूस अंथरुणाला खिळतो आणि कुटुंब कर्जात जाते. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २०२१-२२ मध्ये देशाच्या एकूण आरोग्यखर्चातील ३९.४ टक्के भार कुटुंबांनी थेट आपल्या खिशातून उचलला. आरोग्याचे अज्ञान ही, म्हणूनच, महागडी बाब आहे.

निरक्षर प्रौढांना हे शिकविता येत नाही, हा समज महाराष्ट्रानेच खोटा ठरविला आहे. जामखेड येथे डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये काम आरंभिले, तेव्हा ज्या ग्रामीण स्त्रियांना त्यांनी आरोग्यसेविका म्हणून घडविले, त्यांपैकी अनेकींना अक्षरओळखही नव्हती. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी ३९ गावांत गावच्याच स्त्रियांना नवजात बालकांची घरोघर काळजी घेण्यास शिकविले. नवजात बालकांचे मृत्यू सुमारे ६२ टक्क्यांनी घटल्याचा त्यांचा निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ने प्रसिद्ध केला. विषय आपल्या घरचा असला की प्रौढ माणूस झपाट्याने शिकतो.

मात्र शिकविण्याची पद्धतही तशीच हवी. या बाबतीत शेजारच्या बांगलादेशाचा अनुभव मोलाचा आहे. ‘ब्रॅक’ या संस्थेने १९८० ते १९९० या दशकात एक कोटी वीस लाखांहून अधिक घरांत जाऊन, चिमूटभर मीठ, मूठभर गूळ आणि पाणी यांपासून जुलाबावरचे पेय करण्यास मातांना शिकविले. व्याख्यान नव्हते, पेय मातेनेच करून दाखवायचे. काही काळाने दुसरा माणूस येऊन निवडक मातांची परीक्षा घेई आणि त्यांना किती आठवते यावर शिकविणारीचा मोबदला ठरे. तरीही प्रारंभी कित्येक मातांना कृती पाठ असूनही त्या ती वापरीत नव्हत्या. चौकशीअंती दिसले की खुद्द शिकविणाऱ्यांचाच तिच्यावर विश्वास नव्हता आणि घरच्या पुरुषांना काहीच सांगितले गेले नव्हते. हे दोष दूर केल्यावर वापर वाढला.

मोबदला निकालाशी जोडला की खोट्या नोंदी होतील, असा आक्षेप घेतला जाईल. तो रास्त आहे. म्हणूनच तपासणारा वेगळा हवा. आपल्याकडे उलट घडते. वर्ग किती भरले, पुस्तिका किती वाटल्या याची मोजदाद होते आणि काम शाळामास्तरांच्या गळ्यात पडते. नवभारत साक्षरतेच्या सर्वेक्षणावर २०२३ मध्ये राज्यातील शिक्षक संघटनांनी बहिष्कार घातला, तो या ओझ्यापायीच. फुकटच्या कामातून पाच कोटींचे शिक्षण व्हावे, ही अपेक्षाच अर्थशास्त्राला सोडून आहे. गावातील व वस्तीतील स्त्रियांना प्रशिक्षण व योग्य मानधन देऊन मोजके पाच-सहा धडे घरोघर पोहोचवावेत; त्या वेळी घरातील पुरुषही हजर असावेत.

शिवाय हा प्रश्न केवळ निरक्षरांचा नाही. कचेरीतील किती कारकुनांना व महाविद्यालयातील किती अध्यापकांना आपला रक्तदाब किती, हे सांगता येईल? पदवी म्हणजे आरोग्यसाक्षरता नव्हे. तेव्हा वर्गाची हजेरी बाजूला ठेवून सहा महिन्यांनी शिकणाऱ्याच्या घरी जावे आणि गोळी चालू आहे काय, एवढेच विचारावे. होकारार्थी उत्तरे किती मिळतात, त्यावर योजनेचे यश जोखले पाहिजे.